शार्पनर विकणाऱ्या कफल्लक माणसाने मंगळावरची लव्हस्टोरी लिहिली, तिथून अंतराळातल्या प्रेमकथांचा नाद सुरू झाला

तलवारबाजी, राजकन्या, हवेत तरंगणारी जहाजं, दोन चंद्रांचं आकाश आणि दर दहा पानांनी जिवावरचं संकट. नायक यातून सुटणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. नायिका कितीही रागावली तरी शेवटी दोघं एकत्र येणार हेही माहीत असतं. तरी रात्री दोन वाजेपर्यंत आपण पानं उलटत बसतो, नाहीतर पुढचा एपिसोड लावत बसतो.

अंतराळातल्या या साहसी प्रेमकथांना कुणी ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतं, कुणी ‘प्लॅनेटरी रोमान्स’. आपण मराठीत ‘हलकंफुलकं’ म्हणतो आणि विषय संपवतो. पण ‘हलकं’ या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वजनाला कमी आणि दुसरा म्हणजे दर्जाला कमी. समीक्षकांनी कायम दुसरा अर्थ धरला, वाचकांनी पहिला.

आजची गोष्ट आहे या कथांचा साचा पाडणाऱ्या माणसाची. त्याचं नाव एडगर राईस बरोज. हे नाव ऐकलं नसेल तरी त्याचा एक नायक तुम्हाला नक्की माहीत आहे, तो म्हणजे टारझन. पण टारझनला झाडावर चढवण्याआधी याच माणसाने एका सैनिकाला मंगळावर पाठवलं होतं. आणि पाठवलं तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरात किराण्याला पैसे नव्हते.

भाऊ येलला शिकले, हा मात्र शाळेतूनच बाहेर

१ सप्टेंबर १८७५ रोजी शिकागोत एडगरचा जन्म झाला. वडील जॉर्ज बरोज अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात मेजर होते, नंतर धंद्यात पडले आणि बॅटरीची कंपनी चालवू लागले. घर खाऊनपिऊन सुखी होतं. थोरले भाऊ येल विद्यापीठात शिकून बाहेर पडले. एडगर सगळ्यात धाकटा आणि अभ्यासाच्या नावाने सगळा आनंद.

१८९१ मध्ये शिकागोत इन्फ्लुएंझाची साथ आली. वडिलांनी पोराला आयडाहोत भावांच्या गुरांच्या रँचवर धाडून दिलं. पंधरा वर्षांच्या पोराला तिथे घोडे मिळाले, मोकळं माळरान मिळालं आणि रात्री शेकोटीभोवती थापा मारणारे काऊबॉय मिळाले. त्याला हे जग इतकं मानवलं की घरच्यांना भीती वाटली असावी. त्यांनी त्याला परत बोलावून अँडोव्हरच्या नामांकित फिलिप्स अकॅडमीत घातलं. तिथून लवकरच नारळ मिळाला. मग वडिलांनी मिशिगनच्या लष्करी शाळेत टाकलं. ती शाळा मात्र त्याने पूर्ण केली.

आता स्वप्न एकच होतं, सैन्यात अधिकारी व्हायचं. १८९५ मध्ये वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीची प्रवेश परीक्षा दिली आणि नापास झाला. मग अधिकारी नाही तर नाही, म्हणून १८९६ मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. सातव्या घोडदळात नेमणूक झाली आणि ठिकाण मिळालं ॲरिझोनातलं फोर्ट ग्रँट. रखरखीत वाळवंट आणि मरणाचं ऊन. अपाची बंडखोरांचा पाठलाग करायचा असं काम होतं, पण हाती कुणी लागलं नाही. पोटाच्या आजाराने मात्र गडी आडवा झाला. त्यात डॉक्टरांनी हृदयात दोष असल्याचं सांगितलं आणि १८९७ मध्ये सैन्याने त्याला घरी पाठवलं.

हे ॲरिझोना लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एक धंदा धड जमेल तर शपथ

त्यानंतरची चौदा वर्षं म्हणजे नुसती यादी आहे. आयडाहोतल्या पोकाटेलो गावात स्टेशनरीचं दुकान काढलं, ते बसलं. वडिलांच्या बॅटरी कंपनीत नोकरी केली. १९०० मध्ये लहानपणापासून ओळखीच्या असलेल्या एमा हल्बर्टशी लग्न केलं. मग बायकोला घेऊन भावांबरोबर नदीतल्या गाळातून सोनं काढायच्या धंद्यात उतरला. सोनं काही मिळालं नाही. सॉल्ट लेक सिटीत रेल्वेचा पोलीस झाला आणि मालगाडीत चोरून बसणाऱ्या लोकांना हुसकावत फिरला. पुन्हा शिकागोत आला. दारोदार फिरून माल विकला.

मध्ये एकदा नशीब उघडल्यासारखं झालं. सिअर्स, रोबक या मोठ्या कंपनीत तो लघुलेखन विभागाचा प्रमुख झाला. पगार बरा होता आणि नोकरी कायमची होती. १९०८ मध्ये घरात पहिली मुलगी आली आणि त्याच वर्षी या पठ्ठ्याने स्वतःचा धंदा करायचा म्हणून ती नोकरी सोडली. धंदा बुडाला. १९०९ मध्ये मुलगा झाला. एमा सुखवस्तू घरातून आलेली होती. तिचे दागिने गहाण पडले.

१९११ साल उजाडलं तेव्हा बरोज पस्तीस वर्षांचा होता आणि पेन्सिलीला टोक काढायचे शार्पनर विकण्याचा उद्योग करत होता. म्हणजे विकायला एजंट बाहेर जायचे आणि हा ऑफिसात बसून त्यांची वाट बघायचा. एजंट हात हलवत परत यायचे.

या रिकाम्या वेळात त्याचं एक काम होतं. ज्या मासिकांत जाहिराती दिल्या जात, त्या नीट छापल्या आहेत का ते तपासायचं. ही मासिकं म्हणजे ‘पल्प’. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरबरीत, स्वस्त कागदावर छापलेली, साहस, खून आणि प्रेम यांनी गच्च भरलेली. जाहिरात तपासता तपासता तो गोष्टी वाचू लागला. वाचून त्याच्या लक्षात आलं की असल्या टुकार लिखाणालाही पैसे मिळतात. आणि असलं टुकार तर आपणही लिहू शकतो, कदाचित यांच्यापेक्षा जास्त मजेदार.

त्याने लिहायला घेतलं. पण लपूनछपून. धडधाकट, बायकोपोरांच्या माणसाने परग्रहावरच्या राजकन्यांच्या गोष्टी लिहाव्यात याची त्याला स्वतःलाच लाज वाटत होती.

पण मंगळच का?

कारण त्या काळात मंगळ बातमीत होता. १८७७ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी स्कियापारेली याने दुर्बिणीतून मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना इटालियनमध्ये ‘कनाली’ म्हटलं. या शब्दाचा अर्थ चर, ओघळ असाही होतो. पण इंग्रजीत त्याचे झाले ‘कॅनल’ म्हणजे कालवे. कालवे म्हटले की ते खोदणारे आले.

पर्सिव्हल लॉवेल नावाच्या श्रीमंत अमेरिकन माणसाने ही कल्पना डोक्यावर घेतली. १८९४ मध्ये त्याने ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला वेधशाळा उभारली आणि पुस्तकांमागून पुस्तकं लिहून मांडलं की मंगळ सुकत चाललेला ग्रह आहे, तिथले शहाणे लोक ध्रुवांवरचं पाणी कालव्यांनी आणून कसेबसे तग धरून आहेत. बऱ्याच शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. पण वर्तमानपत्रांना पटलं. मरणाला टेकलेला ग्रह आणि शेवटपर्यंत झुंजणारे लोक, यापेक्षा चांगली बातमी कुठली?

बरोजला आयतं नेपथ्य मिळालं. त्याने मंगळाला ‘बारसूम’ असं नाव दिलं आणि आपला नायक जॉन कार्टर याला ॲरिझोनातल्या एका गुहेत नेऊन उभं केलं.

कार्टर दक्षिणेच्या हरलेल्या सैन्यातला कॅप्टन. युद्ध हरल्यावर सोनं शोधत फिरणारा. अपाची पाठीमागे लागतात, तो गुहेत शिरतो, शुद्ध हरपते आणि डोळे उघडतो तो मंगळावर. यान नाही, इंधन नाही, समीकरणं नाहीत. कसा पोचला? बरोज सांगत बसत नाही, आणि वाचकही विचारत नाही. वाळवंटातला एक सैनिक आणि सोन्याचा शोध. हे सगळं कुठून आलं ते आता सांगायला नको.

पहिलं पाऊल आणि भलीमोठी उडी

मंगळावर पोचल्यावर कार्टर चालायला जातो आणि उडतो. दोन पावलं टाकायची तर तो हवेत काही फूट वर जाऊन आपटतो.

यात थोडं खरं विज्ञान आहे. मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण ३८ टक्के आहे. इथे काट्यावर ६० किलो दाखवणारा माणूस तिथे साधारण २३ किलो दाखवेल. स्नायू मात्र पृथ्वीवरचेच. बरोजने हे रबरासारखं ताणलं आणि त्याचा नायक एका उडीत शत्रूच्या डोक्यावरून जाऊ लागला.

आता हा माणूस कोणत्या अवस्थेत हे लिहितोय ते आठवा. पस्तीस वर्षांचं वय, मानेवर कर्ज, घरात दोन लहान मुलं, गहाण दागिने, वडील आणि भावांसमोर झालेलं हसं. पृथ्वीवर त्याला जे जे जमलं नव्हतं ते करायला त्याने अशी जागा शोधली जिथे माणसाचं ओझं निम्म्याहून कमी होतं. तोच माणूस, तेच हातपाय, फक्त वजन कमी. या जातीच्या कथांचं पहिलं गुपित हे आहे. वाचक त्यांच्याकडे काही शिकायला येत नाही. दिवसभराचं वजन उतरवायला येतो.

मग येते ती

हेलियम नगरीची राजकन्या डेजा थोरिस. हिरव्या, चार हातांच्या, सुळेवाल्या मंगळवासीयांनी तिला कैद केलेलं असतं. पकडली गेली तेव्हा ती मंगळाच्या हवेची शास्त्रीय मोजमापं घेणाऱ्या मोहिमेवर होती, हे आज बरेच जण विसरतात.

कार्टर तिच्यावर पाहताक्षणी भाळतो. आता पुढे तलवारी चालतील आणि काम होईल असं आपल्याला वाटतं. पण बरोज इथे गंमत करतो. कार्टर तिच्यासाठी लढतो, आणि बोलता बोलता तिला ‘माझी राजकन्या’ म्हणून जातो. बारसूमच्या रिवाजात याचा अर्थ भलताच गंभीर. तिच्यासाठी लढलेल्या पुरुषाने असं म्हटलं की त्याने पुढे रीतसर मागणी घालायची असते. कार्टरला पत्ताच नाही. तो मागणी घालत नाही. ती अपमानाने लाल होते आणि बोलणं बंद करते. आणि चार हातांच्या राक्षसांना लोळवणारा हा बहाद्दर आपलं काय चुकलं याचा विचार करत हिंडत राहतो.

हे दुसरं गुपित. परग्रहावर नायक अडाणी असतो. त्याला तिथली भाषा येत नाही, रीत कळत नाही, कुणाला काय बोलावं ते कळत नाही. तलवारीने तो जिंकतो आणि तोंडाने हरतो. प्रेमात पडलेल्या प्रत्येक माणसाला ही अवस्था ओळखीची वाटते, मग तो मंगळावर असो की मनमाडला.

आणि या सगळ्यात वूला असतो. दहा पायांचा, बेडकाच्या तोंडाचा, कुत्र्यासारखा राखणदार प्राणी. त्याला कार्टरवर नजर ठेवायला बसवलेलं असतं. पण त्या ग्रहावर कुणी कधी त्याला मायेने वागवलेलं नसतं. कार्टर वागवतो आणि वूला जन्मभराचा त्याचा होतो. हिरव्या मंगळवासीयांना दुसऱ्याच्या वेदनेवर सोडून हसू येत नाही. त्यांचा सरदार टार्स टार्कस हळूहळू मैत्री म्हणजे काय ते शिकतो. वरवर मारामारीची दिसणारी ही गोष्ट आतून माया कोरड्या ग्रहावर पुन्हा कशी उगवते याची आहे.

शेवट तर वाचकाचा जीव घेणारा. हवा पुरवणारा कारखाना बंद पडतो, सगळा ग्रह गुदमरू लागतो, कार्टर जिवाच्या आकांताने कारखान्याचं दार उघडतो आणि बेशुद्ध पडतो. जाग येते ती पृथ्वीवर, त्याच गुहेत. बायको वाचली का? ग्रह वाचला का? माहीत नाही. पुढच्या भागात बघू.

वेडा नाही हो मी!

लिहिलेला अर्धा भाग बरोजने ‘ऑल-स्टोरी’ मासिकाचा संपादक थॉमस मेटकाफ याला पाठवला. मेटकाफला आवडला. त्याने काही सूचना केल्या आणि पुरी करून मागितली. १९११ च्या नोव्हेंबरमध्ये सौदा झाला, ४०० डॉलरला.

छापायला खरं नाव द्यायची बरोजची छाती झाली नाही. त्याने टोपणनाव निवडलं, नॉर्मल बीन. अमेरिकन बोलीत ‘बीन’ म्हणजे डोकं. थोडक्यात, गोष्ट असली तरी लिहिणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे, असं त्याला जगाला बजावायचं होतं. पण छपाईच्या वेळी कुणाला तरी ती चूक वाटली. त्याने ‘नॉर्मल’चं ‘नॉर्मन’ करून टाकलं आणि सगळ्या विनोदाची माती झाली.

१९१२ च्या फेब्रुवारी ते जुलै या महिन्यांत ‘अंडर द मून्स ऑफ मार्स’ क्रमशः छापून आली. १९१७ मध्ये ती पुस्तकरूपाने आली तेव्हा नाव झालं ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’. ‘सायन्स फिक्शन’ हा शब्द तेव्हा रुळलेलाच नव्हता. लोकांना एवढंच कळलं की असलं काही आपण कधी वाचलेलं नाही.

या गडबडीत त्याची दुसरी कादंबरी, मध्ययुगीन इंग्लंडमधली, संपादकाने नाकारली. तिसरी त्याने जुन्या लेटरहेडच्या पाठकोऱ्या कागदांवर हाताने लिहिली. ती होती ‘टारझन ऑफ द एप्स’. १९१२ च्या ऑक्टोबरच्या अंकात ती एकाच वेळी पूर्ण छापली गेली. मानधन ७०० डॉलर. पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. आफ्रिकेत बरोज आयुष्यात कधीच गेला नाही.

गंमत बघा, याच काळात तो पोटासाठी एका मासिकात नोकरी करत होता. काम काय? व्यापाऱ्यांना धंदा कसा करावा याचा सल्ला द्यायचा. एकही धंदा न जमलेला माणूस पैसे घेऊन धंद्याचे सल्ले देत होता.

१९१३ च्या फेब्रुवारीत त्याचे वडील वारले. त्याच महिन्यात तिसरं मूल जन्माला आलं. अशा वेळी कुणीही नोकरीला चिकटून राहिलं असतं. बरोज आयुष्यभर उलटंच वागत आलेला. त्याने नोकरी सोडली आणि फक्त लिहायचं ठरवलं. पहिल्यांदाच त्याचा जुगार लागला.

टारझनचं गाव

१९१९ मध्ये त्याने लॉस एंजलिसजवळ ५५० एकरांची जागा विकत घेतली आणि तिला ‘टारझाना’ नाव दिलं. तिथे वस्ती झाली आणि त्या वस्तीनेही हेच नाव घेतलं. आजही लॉस एंजलिसमध्ये टारझाना नावाचा भाग आहे. १९२३ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने कंपनी काढली. पुस्तकं, सिनेमे, कॉमिक्स, खेळणी, सगळ्यांचे हक्क एका हातात. लेखकाने स्वतःचीच कंपनी करणं तेव्हा नवलाचं होतं.

टारझन मुंबईतही पोचला. १९३७ मध्ये होमी वाडियांनी वाडिया मूव्हिटोनसाठी ‘तूफानी टारझन’ काढला, त्यात जॉन कावस नायक होता. पुढे १९८५ चा ‘ॲडव्हेंचर्स ऑफ टारझन’ तर कित्येकांना आठवत असेल.

टारझनने पैसा दिला तरी बरोज परत परत परग्रहांवर जात राहिला. बारसूमची एकूण अकरा पुस्तकं झाली. ‘द चेसमेन ऑफ मार्स’ या कादंबरीसाठी त्याने मंगळावरचं बुद्धिबळ रचलं. नाव ‘जेतान’. पट दहा बाय दहाचा, सोंगट्या नारिंगी आणि काळ्या. पुस्तकाच्या शेवटी नियम दिले. चाहते आजही पट बनवून हा डाव खेळतात.

१९३२ मध्ये त्याने नवी मालिका सुरू केली. तिचा नायक कार्सन नेपियर मोठ्या ऐटीत स्वतःचं रॉकेट बांधतो आणि मंगळाकडे निघतो. वाटेत कळतं की सगळी गणितं करताना चंद्राचं गुरुत्वाकर्षण धरायचंच राहून गेलं. रॉकेट भरकटतं आणि साहेब पोचतात शुक्रावर. तिथेही राजकन्या असतेच. ती याला सुरुवातीला उभंही करत नाही.

ही चेष्टा करणारा लेखक आता साठीच्या जवळ आला होता. स्वतःच्या सूत्राला हसण्याइतका तो निवांत झाला होता. तिसरं गुपित इथे आहे. अशा कथेत लेखक आणि वाचक यांच्यात न बोललेला करार असतो. हे सगळं अशक्य आहे हे दोघांनाही माहीत असतं. पण लेखक गंभीर चेहऱ्याने सांगतो आणि वाचक गंभीर चेहऱ्याने ऐकतो. करार पाळला की वाचक दहा पायांच्या कुत्र्यासाठीही रडतो.

झाकून ठेवता येणार नाही अशी बाजू

आज बरोज वाचताना अनेक ठिकाणी दाताखाली खडा येतो. टारझनच्या पुस्तकांत आफ्रिकन माणसांचं चित्रण वर्णद्वेषी आहे. जॉन कार्टर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्यातला, आणि लेखकाला त्यात काही वावगं वाटत नाही. अपाची तर फक्त पाठलाग करणारे क्रूर शत्रू. चांगल्या वंशाची माणसं जन्मतःच श्रेष्ठ, या त्या काळच्या युजेनिक्सच्या कल्पनेवर बरोजचा विश्वास होता. राजकन्या तर इतक्या वेळा पळवल्या जातात की मोजदाद सोडून द्यावी.

तरी त्याच बारसूमवर लाल, हिरव्या, काळ्या, पिवळ्या, गोऱ्या वर्णाचे वैरी लोक शेवटी एका झेंड्याखाली येतात. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लिहिल्या. हलकं साहित्य वाचताना माणूस सावध नसतो, म्हणून त्यातून काय आत शिरतंय हे बघणं जास्त गरजेचं. नंतरच्या लेखकांनी हाच साचा घेतला आणि आतली माणसं बदलली.

वाचणारी पोरं कोण होती?

रे ब्रॅडबरी नावाच्या एका पोराला मंगळाच्या गोष्टींनी झपाटलं. त्याने पुढचा भाग स्वतःच लिहायला घेतला. हाच मुलगा पुढे ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’ लिहून मोठा लेखक झाला.

ली ब्रॅकेट नावाच्या मुलीच्या हातात लहानपणी ‘द गॉड्स ऑफ मार्स’ पडलं. तिने मोठेपणी स्वतःच्या मंगळ आणि शुक्रकथा लिहिल्या आणि ‘स्पेस ऑपेराची राणी’ म्हणून नाव कमावलं. १९७८ मध्ये मृत्यूपूर्वी तिने एका सिनेमाच्या पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. तो सिनेमा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’. म्हणजे बरोजची वाचक थेट ‘स्टार वॉर्स’मध्ये पोचली.

आणि कार्ल सेगन. ब्रुकलिनचा हा मुलगा जॉन कार्टरसारखे हात पसरून मंगळाकडे बघत उभा राहायचा आणि मला घेऊन जा म्हणायचा. मंगळाने नेलं नाही. पण मोठा होऊन त्याने नासाच्या मोहिमांवर काम केलं आणि १९७६ मध्ये ‘व्हायकिंग’ मंगळावर उतरलं तेव्हा तो त्या चमूत होता.

मजा अशी की या साच्यातून इतकं काही निघालं की मूळ गोष्टच जुनी वाटू लागली. २०१२ मध्ये डिस्नेने ‘जॉन कार्टर’ काढला. प्रेक्षकांना तो पाहून झालेल्या सिनेमांची नक्कल वाटला. कंपनीने त्यावर सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा होईल असं जाहीर केलं.

शेवटपर्यंत स्वारी थांबली नाही

पैसा आला तरी घर काही राजकन्येच्या गोष्टीसारखं राहिलं नाही. १९३४ मध्ये एमाशी घटस्फोट झाला. ज्या बाईने दागिने गहाण टाकले, तिच्यासोबत शेवटचं पान लिहिलं गेलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याने फ्लॉरेन्स गिल्बर्टशी लग्न केलं, तेही १९४२ मध्ये मोडलं.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा तो हवाईतच होता. वयाच्या ६६ व्या वर्षी सैन्याने नाकारलेला हा माणूस युद्ध वार्ताहर म्हणून गणवेश चढवून पॅसिफिकच्या बेटांवर फिरला. अमेरिकेच्या सगळ्यात वयस्कर युद्ध वार्ताहरांत त्याची गणना होते.

१९ मार्च १९५० हा रविवार. कॅलिफोर्नियातल्या घरी नाश्ता झाला आणि पार्किन्सनने थकलेला बरोज पलंगावर वर्तमानपत्रातली कॉमिक्स वाचत पडला होता. तिथेच त्याने प्राण सोडला. सत्तरहून जास्त पुस्तकं लिहिलेल्या माणसाच्या हातात शेवटी हलकंफुलकं वाचनच होतं. त्याच्या अस्थी टारझानातल्या त्याच्याच ऑफिससमोर एका झाडाखाली पुरल्या.

१९६५ मध्ये ‘मरिनर ४’ मंगळाजवळून गेलं. त्याने २२ छायाचित्रं पाठवली. त्यात कालवे नव्हते, नगरं नव्हती, डेजा थोरिस नव्हती. होती ती नुसती विवरं आणि धूळ. बरोजचा मंगळ खोटा ठरला.

त्यानंतर आठ वर्षांनी, १९७३ मध्ये, खगोलशास्त्रज्ञांनी मंगळाच्या दक्षिण भागातल्या एका विवराला नाव दिलं, ‘बरोज’. ज्याला स्वतःच्या गोष्टीवर स्वतःचं नाव घालायची लाज वाटली होती, त्याचं खरं नाव आता खऱ्या मंगळाच्या नकाशावर आहे.